तडा आहेच, असे धरून

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ विमानांनी निरोप घेतला, त्या आठवड्यात आमच्याकडे फोनवर दुसरा विषय नव्हता. १९६३ साली हवाई दलात आलेला हा प्रकार. शेवटपर्यंत उडालेली विमाने अर्थात नंतरची, त्यातली पुष्कळशी आपल्या नाशिकजवळच्या ओझरला बांधलेली. तरीही, "इतकी जुनी विमाने उडवायचीच कशाला?" हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडी. आमची पुतणी ब्रिस्बेनला असते. ती म्हणाली, "काका, आमच्याकडच्या एफ-१११ ची गोष्ट वाचा, मग बोलू." मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, यंत्रांची समज बेताचीच. पण वाचायला लागलो आणि गुंतलो. जे समजले ते इथे लिहितो आहे.

पहिली गोष्ट ही, की विमानाचे वय वर्षांत मोजून फारसे काही कळत नाही. (गंज सोडून. तो उभ्या विमानालाही सोडत नाही.) धातूला कॅलेंडर समजत नाही, त्याला समजते ते ताणले जाणे आणि सैल होणे. लहानपणी आपण सगळ्यांनीच तार पुढेमागे वाकवून तोडलेली आहे. एका झटक्यात न तुटणारी तार वीस-पंचवीस वेळा वाकवली की मुकाट्याने तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. विमानाचा पंख प्रत्येक उड्डाणात, प्रत्येक वळणात असाच थोडा थोडा वाकत असतो.

१३ मार्च १९५८ या एकाच दिवशी अमेरिकेची दोन बी-४७ बॉम्बर विमाने, एक फ्लोरिडात आणि एक ओक्लाहोमात, मोडून पडली. ती बांधली होती उंचावरून जाण्यासाठी. पुढे रडार चुकवायचे म्हणून त्यांना जमिनीलगत उडून एकदम वर उसळायला शिकवले गेले. म्हणजे काम बदलले, हिशेब मात्र जुनाच राहिला. त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलाने विमानांच्या सांगाड्याची ताकद तपासत राहण्याचा कायमचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातली मुख्य रीत अशी, की एक अख्खे विमान प्रयोगशाळेत बांधून ते हजारो तास वाकवायचे, आणि ते जितके तास टिकेल त्याला चाराने भागायचे. येईल ते उत्तर सुरक्षित आयुष्य. शिक्षकाच्या भाषेत सांगायचे तर एका मुलाची कडक परीक्षा घेऊन सगळ्या वर्गाला पास करायचे.

एफ-१११ चे आयुष्य या रीतीने ४००० तास ठरलेले होते. उडताना पंख मागेपुढे करता येणारे हे विमान. ज्या सांध्यावर पंख फिरतात तो अतिशय मजबूत, पण ठिसूळपणाकडे झुकणाऱ्या पोलादाचा. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेव्हाडातल्या नेलिस तळावरच्या एका एफ-१११ चा डावा पंख सरावाच्या वेळी हवेतच निखळला आणि आतले दोघेही गेले. विमान जेमतेम शंभर तास उडलेले होते. त्या क्षणी पंखावर जो भार होता, तो रचनेत धरलेल्या भाराच्या निम्माही नव्हता.

त्या सांध्याचे पोलाद घडवतानाच त्यात इंचापेक्षा थोडी कमी अशी एक घडी राहून गेली होती. कारखान्यातल्या तपासणीत ती कुणालाच दिसली नाही. शंभर तासांत तिथली चीर अर्धा मिलिमीटरही वाढली नव्हती, पण तेवढे पुरले. म्हणजे जुने विमान धोक्याचे आणि नवे सुरक्षित, हा आपला साधा समजच या अपघाताने मोडीत काढला.

मग अभियंत्यांनी विचार उलटा केला, आणि मला तो फार आवडला. तडा नसावा अशी आशा करायची नाही. प्रत्येक नाजूक जागी पहिल्या दिवसापासून तडा आहेच, फक्त आपल्याला दिसलेला नाही, असे धरायचे. न दिसता तो जास्तीत जास्त केवढा असू शकेल, आणि तेवढ्यापासून घातक होण्याइतका वाढायला किती तास लागतील, हे काढायचे. त्याच्या निम्म्या वेळात विमान पुन्हा तपासायचे. १९७४-७५ पर्यंत अमेरिकी हवाई दलाच्या नियमांतच हे आले.

एफ-१११ साठी तर याहून धीट उपाय काढला. अख्खे विमान बंद खोलीत उणे ४० अंशांपर्यंत गार करायचे (फॅरनहाइट म्हणा की सेल्सिअस, या आकड्यावर दोन्ही एकच) आणि जॅक लावून पंख कमाल भारापर्यंत वाकवायचे. गुळाचा पाक कोमट असताना वाकतो, गार झाला की चिक्की कडकन मोडते, तसेच थंडीत हे पोलाद तडा लपवू शकत नाही. मोठा तडा असेल तर विमान तिथेच, जमिनीवर मोडेल. न मोडले, तर उरलेला तडा अमुक मापाहून लहान आहे याची खात्री, आणि पुढचे इतके तास निर्धास्त. या चाचणीत काही भाग खरोखरच मोडले. तेवढे अपघात हवेत व्हायचे वाचले.

ऑस्ट्रेलियाने ही २४ विमाने १९६३ मध्येच मागवली होती. या भानगडींमुळे ती हातात आली जून १९७३ पासून. मधली तीन वर्षे त्यांनी फँटम विमाने भाड्याने आणून काढली. अमेरिकेने आपली शेवटची एफ-१११ १९९८ मध्ये काढून टाकली आणि ब्रिस्बेनजवळच्या ॲम्बर्ली तळावर जगातली एवढीच उरली. आता ती जपायची कशी, हे मेलबर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेने बघायचे. तिथल्या ॲलन बेकर यांनी सत्तरच्या दशकातच बोरॉनच्या तंतूंचे ठिगळ डिंकासारख्या रसायनाने धातूवर चिकटवण्याची युक्ती काढली होती. भोके पाडून पत्रा ठोकायचा नाही, म्हणजे नवे तडे जायला जागा नाही. हीच युक्ती एफ-१११ च्या सांध्याजवळही कामी आली.

इथपर्यंत सगळे कौतुकाचेच आहे. पण या विमानाला इंधनाची वेगळी टाकी नव्हती. सांगाड्याच्या पोकळीतच इंधन भरायचे, आणि सांधे लुकणासारख्या पदार्थाने बुजवलेले. ते लुकण कुजले आणि विमाने गळू लागली. तेव्हा ॲम्बर्लीवर माणसे आत उतरली. गच्चीवरची पाण्याची टाकी साफ करायला माणूस उतरतो ना, तसेच, पण त्याहून कितीतरी अडचणीच्या जागी, क्वीन्सलँडच्या उकाड्यात, आडवे होऊन. जुने लुकण रसायनांनी सैल करायचे, खरवडायचे, नवे भरायचे. १९७७ पासून १९९९ संपेपर्यंत हे काम टप्प्याटप्प्याने चालले. एका रसायनाची दुर्गंधी अंगाला अशी चिकटे की आंघोळीने जात नसे. इतर सैनिक त्यांच्याजवळ जेवायलाही बसत नसत.

जानेवारी २००० मध्ये माणसांची दुखणी पाहून काम थांबवले गेले. २००१ साली चौकशी मंडळाने सांगितले, की संरक्षक साधने अपुरी होती आणि तक्रारी वर पोचल्याच नाहीत. पुढच्या आरोग्य-पाहणीत या लोकांमध्ये नैराश्य, स्मरणाच्या तक्रारी, त्वचेचे विकार जास्त आढळले. पंखात तडा दिसत नसला तरी आहे असे धरण्याचा नियम त्याच तळावर पाळला जात होता. टाकीत उतरणाऱ्या माणसाला मात्र आपल्याला काही झाले आहे हे आधी सिद्ध करावे लागले. आणि सिद्ध करायचे कसे? कोण कोणत्या टाकीत किती तास होता याच्या नोंदी धड नव्हत्या. विमानाच्या तासांच्या होत्या.

२००५ मध्ये काहींना भरपाई मिळाली. पुष्कळजण व्याख्येत बसत नाहीत म्हणून बाहेर राहिले. २००९ मध्ये संसदीय समितीने ते उघड केले, आणि २०१० मध्ये व्याख्या थोडी रुंदावली. पुतणी सांगते की ब्रिस्बेनच्या लोकांना एफ-१११ आठवते ते नदीवरच्या उत्सवात शेपटीमागे लांबच लांब ज्वाळा सोडत जाणारे. तेही खरेच, दृश्य देखणे असणार.

३ डिसेंबर २०१० रोजी ऑस्ट्रेलियाने एफ-१११ निवृत्त केले. काही संग्रहालयांना दिली. उरलेल्यांत ॲस्बेस्टॉस होते, त्यामुळे ती मोडायची तर कामगारांना धोका. म्हणून नोव्हेंबर २०११ मध्ये इप्सविचजवळ स्वानबँकच्या कचराभूमीत २३ विमाने पुरून टाकली. या वेळी कामगारांचा विचार आधी झाला.