मुंबईचे सूत चीनच्या बाजारात का हरले?

१/ फेब्रुवारी १८९६. विलायती कापडावर ३.५ टक्के आयात जकात, आणि हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर तेवढेच उत्पादन शुल्क! मँचेस्टरसाठी केलेला हा अन्याय आपल्याला ठाऊक असतो. मुंबईचा मोठा पराभव मात्र त्याच काळात दुसऱ्या बाजारात होत होता.

२/ मुंबईच्या अनेक गिरण्यांचा व्यवसाय जाड्या सुतावर उभा होता आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक होते चीन. १८९६ च्या कायद्याने सूत करमुक्तच राहिले. मग मुंबई हरली कशी?

३/ आधी मोजमाप. केवळ निर्यातीचा आकडा फसवतो. बाजार वाढत असेल तर मागे पडणाऱ्याचाही माल वाढलेला दिसतो. म्हणून दोन स्पर्धकांना तिसऱ्या देशात जोखावे : तेथील आयातीत कोणाचा वाटा किती? मुंबई आणि जपान यांच्यासाठी ही कसोटी म्हणजे चीन.

४/ जपानने १८९४ मध्ये सुतावरील निर्यात कर आणि १८९६ मध्ये कच्च्या कापसावरील आयात कर रद्द केला. सूत स्वस्त झाले. त्यातला बराच कापूस हिंदुस्थानातूनच जात होता!

५/ इकडे जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी चांदीच्या मुक्त नाणेपाडणीस बंद केल्या. चांदी घसरली, पण रुपया तिच्याइतका घसरला नाही. चीनचा व्यवहार चांदीत. त्यामुळे तेच सूत चिनी व्यापाऱ्याला महाग पडू लागले. परिणाम जकातीसारखाच, पण कोणत्याही जकातपत्रकात न दिसणारा.

६/ १८९७ मध्ये जपानची सूतनिर्यात तिच्या आयातीपेक्षा अधिक झाली. पहिल्या महायुद्धापर्यंत चीनमध्ये जपानी सुताने मुंबईला मागे टाकले.

७/ सारे श्रेय करसवलतींना देता येईल का? नाही. रिंग चात्या, कापसाचे कुशल मिश्रण, रात्रपाळी हीही जपानची बळे होती. १८९६ पासून मुंबईत प्लेगही होता. कारणे एकाच वेळी घडली की एकट्या कराचा परिणाम वेगळा काढणे कठीण होते.

८/ असमान तहांमुळे जपानलाही तेव्हा आयात कर मनाजोगे वाढवता येत नव्हते. पण असलेले कर उठवणे त्याच्या हाती होते. मुंबईच्या हाती तेवढेही नव्हते. कापडावरील ते शुल्क १९२६ मध्ये रद्द झाले. तोवर चीनची बाजारपेठ हातची गेली होती.