आमिषाचा इतिहास



‘आमिष’ हा शब्द आपण बहुधा लाच, बढती किंवा निवडणूक यांच्या संदर्भात उच्चारतो. कामगार चळवळीत वावरणाऱ्याला तर तो पदोपदी भेटतो. मूळ संस्कृतात मात्र त्याचा सरळ अर्थ मांस. आज गोदाकाठी बसलो आहोत, तेव्हा गळाला लावायच्या खऱ्या आमिषाचाच इतिहास पाहू.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, या त्यातील उल्लेखामुळे मराठी अभ्यासकांना तो परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. समुद्रातले व नदीतले मासे, खवल्यांचे व बिनखवल्यांचे मासे, कोणाला काय खाऊ घालावे, दोरी व गळ कसे असावेत, हे सारे त्यात येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर निबंध लिहिला. प्रश्न असा की, राजाला हे कोणी सांगितले? राजाने हौसेने गळ टाकलाही असेल. परंतु कोणता मासा कोणत्या डोहात राहतो, हे ज्याचे पोट त्यावर चालते त्यालाच पिढ्यान्‌पिढ्या पाहून कळते. त्या सांगणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आमिष निवडणे म्हणजे माशाची भूक आणि त्याची इंद्रिये ओळखणे. रोहूला कणकेची गोळी चालते. मरळ शिकारी, ती गवताच्या आडोशाला दबा धरते व हवा घेण्यासाठी वर येते, म्हणून तिच्यापुढे जिवंत बेडूक किंवा लहान मासा सोडतात. पावसाळ्यात पाणी गढूळ झाले की डोळ्यांपेक्षा वास उपयोगी. तिथे गांडूळ बरे. उत्तर अमेरिकेतील वॉलआय नावाच्या माशाला अंधुक उजेडात चांगले दिसते, म्हणून तिकडचे लोक तिन्हीसांजेला गळ टाकतात. गढूळ पाण्यात भडक रंगाचे, नितळ पाण्यात साध्या रंगाचे खोटे मासे वापरतात.

या खोट्या माशाची कथाही ऐकण्याजोगी आहे. फिनलंडमधील लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार. होडी वल्हवताना त्याने पाहिले की, मोठा मासा थव्यातील लंगडत पोहणाऱ्या दुबळ्या माशावरच झडप घालतो. १९३६ साली त्याने बुचाचा मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली, फोटोच्या काचा वितळवून नव्हे, तर फिल्मच्या जुन्या पट्ट्या वितळवून त्याचा लेप दिला, आणि तो तसाच लंगडत पोहेल असे केले. १९६२ साली ‘लाइफ’ या अमेरिकन साप्ताहिकात त्यावर लेख आला व मागणीचा पूर लोटला.

रापालाचे नाव राहिले, कारण त्याचा माल बाजारात गेला. आमच्या भोयांचे ज्ञान मात्र तोंडीच राहिले. गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले आणि नदीचे वाहणे बदलले. नांदूर मध्यमेश्वरची पाणथळ जागा रामसर यादीत गेली. तेथील पक्षी आपण हौसेने मोजतो. तितक्याच आस्थेने काठावरच्या वृद्ध मच्छीमाराजवळ बसावे, तो सांगेल ते लिहून घ्यावे, आणि या खेपेस त्याचे नावही लिहावे, एवढीच माझी विनंती आहे.