गार झाली की चालू होते

गाडी बंद पडली म्हणून कुणी सांगत आलं, की आमच्या इथले मेस्त्री पहिल्यांदा एकच विचारायचे, "थांबल्यावर किती येळानं चालू झाली?" कुठं बंद पडली, आवाज कसला आला, हे सगळं नंतर. कायमची मेलेली गाडी त्यांना सोपी वाटायची. अर्ध्या तासानं आपोआप चालू होणारी मात्र लबाड, कारण मेस्त्री पोचेस्तोवर तिचा रोग पळालेला असायचा.

बिद्री कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर आहे आणि दूधगंगा-वेदगंगा साखर कारखानाही इथंच. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या मागं मोटारी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असत. इंजिन तापतंय आणि वारा लागत नाही, अशात जुन्या पेट्रोल गाड्या कारखान्याच्या आसपासच मान टाकायच्या. ही चेष्टेची गोष्ट नव्हती. गावात मोटार एखादीच असे. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, त्याच मोटारीतून कोल्हापूरला सीपीआरला न्यायचं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. उत्तरपाड्याची अॅम्बॅसॅडर १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली. नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, म्हणून हाताशी असलेली जगवणं भाग होतं. मेस्त्रींची विद्या वाढली ती या टंचाईत. आणि शिकायची विद्याही तीच ती होती. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसानं बसवलेली बॅटरी, कॉईल आणि पॉईंटची ठिणगी १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आली. आमच्या फियाट-अॅम्बॅसॅडरमध्ये पन्नास-साठ वर्षांनंतरही तीच होती.

एका हंगामात पाव्हण्यांची गाडी अशीच ट्रॉल्यांत अडकून बंद पडली. मागच्या सीटवर तापानं फणफणलेलं पोर होतं. ड्रायव्हर स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवत होता. मेस्त्रींनी आधी त्याचा हात धरला, "थांब रं, बॅटरी खाऊ नगंस." मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं बारीक भोक बुजलं तर टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. तसं असतं तर झाकण उघडताना फुस्स आवाज आला असता. आला नाही.

मग कार्बोरेटरला येणारी नळी सोडून बाटलीत धरली आणि स्टार्टर मारायला लावला. पेट्रोलची चिळकांडी आली असती तर पंप निर्दोष. आली ती नुसती बुडबुड. नळीतल्या पेट्रोलची उष्णतेनं वाफ झाली होती, आणि वाफ काही पंपाला ढकलवत नाही. नळी पुन्हा घट्ट बसवून सांडलेलं पुसलं. पेट्रोल उघडं असताना ठिणगी बघायची नाही, हा त्यांचा नियम होता. ओला टॉवेल पंपावर आणि नळीवर गुंडाळला, पाचेक मिनिटं थांबले. गाडी चालू झाली, पोर दवाखान्यात पोचलं.

नळीतून धार नीट आली असती तर त्यांनी कॉईलची वायर इंजिनच्या लोखंडापासून जरा लांब धरली असती. निळी, तडतडणारी ठिणगी चांगली. पिवळी, मलूल दिसली की संशय कंडेन्सरवर. कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी. पॉईंट उघडताना तिथं ठिणगी उडू न देणं हे तिचं काम. आतून बिघडलेली डबी गार असताना काम करते आणि तापली की हात वर करते. पॉईंट जळून काळे पडतात. कित्येक जण पॉईंट घासून पुढं जायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा उभे. माझ्या मते निम्म्या गाड्या अशा अर्धवट निदानानंच बदनाम झाल्या.

मारुती १९८३ साली आली, पुढं कार्बोरेटर गेला, पॉईंट गेले. आता मेस्त्रींचा मुलगा स्कॅनर जोडतो. पण क्रँकचा सेन्सर तापून बंद पडला तर लक्षण तेच, गार झाली की चालू. आणि तोही गिऱ्हाइकाला आधी वेळच विचारतो.

जुन्या गाड्यांना मात्र नवं दुखणं आलंय, ते आमच्याच उसातून. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत सुरू झालं. २०२२ ला ते १० टक्क्यांवर आणि २०२५ ला २० टक्क्यांवर गेलं. ऊसवाल्याला त्याचे पैसे मिळतात, तेव्हा तक्रार कुणाकडं करायची? पण जुन्या पंपाचा रबरी पडदा आणि नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून महिनोन्‌महिने गोठ्याशेजारी उभी असलेली गाडी आली, की मेस्त्रींचा मुलगा टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवतो. खाली वेगळा थर दिसला, तर आधी टाकी रिकामी करायला सांगतो आणि मगच बॉनेट उघडतो.