तीन चित्रांतून एक वस्तू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आयटीआयच्या अभ्यासक्रमांच्या यादीत काही फार सुंदर मराठी शब्द आहेत. फिटर म्हणजे जोडारी, टर्नर म्हणजे कातारी, मशिनिस्ट म्हणजे यंत्रकारागीर. कवितेच्या नादामुळे मला हे शब्द आधी भेटले, त्यांच्यामागची यंत्रे नंतर.

माझे एक चाचा नंदुरबारला कातारी होते. मिरचीच्या चक्क्या, तेलाचे घाणे, विहिरीवरचे पंप यांचे मोडके भाग त्यांच्या लेथवर नवे होत. बहुतेक काम मोडक्या तुकड्यावरूनच चाले. पण कधी एखाद्या कारखान्याकडून नकाशा येई. त्यावर एकाच वस्तूची तीन चित्रे असत : समोरून, वरून आणि बाजूने. चाचा ती पाहून डोळे मिटत आणि दोन बोटांनी हवेत काहीतरी फिरवीत. लोखंडाच्या आधी वस्तू तिथे तयार होई.

या तीन चित्रांच्या विद्येला शास्त्राचे रूप दिले फ्रान्सच्या गास्पार मोंज यांनी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. किल्ल्यांच्या बांधणीत तिचा एवढा उपयोग होता की, लष्कराने ती बरीच वर्षे गुपित ठेवली. १७९५ मध्ये मोंज यांनी ती पॅरिसला उघडपणे शिकवली. पुढे जगभरचे कारखाने याच भाषेत बोलू लागले. मात्र तीन चित्रे जोडून वस्तू उभी करण्याचे काम कागद करीत नाही. ते कारागिराच्या डोक्यात व्हावे लागते.

यंत्राला ते डोके नव्हते. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने छिद्रे पाडलेल्या फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची. ते हेलिकॉप्टरची पाती बनवीत. हत्याराने कुठून कुठे जायचे ते आकडे फितीवर असत आणि यंत्र निमूटपणे जाई. आपण काय घडवतो आहोत, याचा त्याला पत्ता नसे. १९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी संगणकाच्या पडद्यावर रेघा काढून दाखवल्या. पुढे वस्तूही पडद्यावर आली, पण तारांच्या पिंजऱ्यासारखी. पिंजऱ्यात धातू कुठे आणि पोकळी कुठे, हे सांगणार कोण? रेनो या मोटार कंपनीत पिअर बेझिए यांनी वक्र पृष्ठभाग गणितात बसवले. ती नुसती साल झाली, गर नव्हता.

गर आला १९७० च्या दशकात. इंग्लंडमध्ये केंब्रिजला इयान ब्रेड आणि अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात व्होल्कर व रिकिशा यांनी भरीव आकार संगणकात मांडण्याच्या पद्धती घडवल्या. आता कुठलाही बिंदू धातूच्या आत आहे की बाहेर, हे संगणक सांगू शकत होता. यामागचे गणित आपण शाळेत शिकलो आहोत. संचांचा संयोग, छेद, वजाबाकी! ठोकळ्यातून दंडगोल वजा केला की भोक पडते. कातकाम म्हणजे तरी दुसरे काय? कच्च्या ठोकळ्यातून नको ते वजा करणे.

या कहाणीतले एक पान आपल्या महाराष्ट्राचे आहे. कुलपे आणि कपाटे करणाऱ्या गोदरेज अँड बॉईसमध्ये १९८४ मध्ये अशा सॉफ्टवेअरचा विभाग सुरू झाला. १९९४ मध्ये त्याची जिओमेट्रिक ही स्वतंत्र कंपनी झाली. भरीव आकारातले भोक, खोबण, खाच ओळखून हत्याराची वाट सुचवणारे 'कॅमवर्क्स' हे मूळचे अमेरिकी सॉफ्टवेअर पुढे याच कंपनीकडे आले. २०१७ मध्ये जिओमेट्रिक एचसीएलमध्ये गेली. विक्रोळी-पुण्याच्या माणसांचे हे काम आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते.

माझा भाचा सध्या हे शिकतो आहे. त्याच्या तुकडीत धडगाव-अक्कलकुव्याकडची मुले आहेत. घरी पावरी नाहीतर भिली, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. पण आकार त्यांना पटकन कळतात, असे तो सांगतो. एक्स्ट्रूड म्हणजे सोऱ्यातून पडणारी शेव, रिव्हॉल्व्ह म्हणजे कुंभाराचे चाक. 'बॉस' म्हणजे पृष्ठभागावर आलेला उंचवटा, याचे मात्र सगळ्यांना हसू येते.

"मामू, नानांसारखे डोळे मिटायची आता गरजच नाही," तो मला म्हणाला. "वस्तू समोर फिरते."

त्याचे बोलणे मला अर्धेच पटले. खोबणीच्या आतला कोपरा पडद्यावर सुरीसारखा टोकदार काढता येतो. पण खोबण कोरणारे हत्यार गोल फिरते. त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई कोपऱ्यात उरतेच. तुकडा शिकंज्यात कुठे धरायचा, आधी कोणती बाजू कापायची, लांब बारीक हत्यार खोल गेल्यावर थरथरेल का, हे अजून कुणीतरी आधी मनात पाहावे लागते. पडद्यावरची तालीम सांगितले तेवढेच दाखवते. शिकंजा मांडलाच नाही, तर हत्यार त्यावर आदळणार आहे हे ती कशी सांगेल? चाचांचे लेथवरचे ज्ञान कुठल्याही यादीत नव्हते. या मुलांना सॉफ्टवेअर मिळते, पण यंत्रापाशी उभे राहायला किती तास मिळतात, यावर त्यांची रोजी ठरणार आहे. सुरत किंवा पुण्याचा मालक नोकरी देताना नेमके हेच विचारतो.

भाच्याने वहीत शब्दांची यादी केली आहे. युनियनपुढे संयोग, सबट्रॅक्टपुढे वजाबाकी. इंटरसेक्टपुढची जागा कोरी होती. मी शाळेतला शब्द सुचवला, छेद. तो म्हणाला, "नको मामू, आमच्याकडे छेद म्हणजे सेक्शन. वस्तू मधून कापून आतले दाखवतात, तो." जागा अजून कोरीच आहे.