आधी कॅमेरा, मग विमान

मंडळी, सावनेरचा माझा मावसभाऊ सध्या एकाच प्रश्नाने पछाडलाय. संत्र्याच्या बागेचं वरून शूटिंग करायला रिमोटचं विमान कुठलं घ्यावं? डिंक्यामुळे बागेत कुठला पट्टा वाळतोय ते त्याला बघायचंय, आणि त्यासाठी आंबिया बहाराचे पैसे बाजूला काढलेत. म्हणजे प्रकरण हौसेचं नाही. म्हणून जरा इतिहास खणला.

वरून फोटो काढायची खाज जुनीच. 1858 साली नादारने पॅरिसजवळ बलूनमधून फोटो काढला. 1888 मध्ये आर्थर बातूने पतंगाला कॅमेरा बांधला, आणि शटर पाडायला जळती वात! जर्मनीत नॉयब्रोनर नावाच्या औषधविक्याने तर 1907 मध्ये कबुतराच्या छातीवर चिमुकला कॅमेरा बांधायची कल्पना पेटंटसाठी दिली. सिनेमाचा कॅमेरा मात्र जड. त्यामुळे 1909 च्या एप्रिलमध्ये रोमजवळ विल्बर राइटच्या विमानात चक्क कॅमेरामनच बसवावा लागला.

म्हणजे बघा, प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या वजनाने वाहन ठरवलं. आपण नेमकं उलट करतो. विमान आवडतं, ते घेतो, आणि मग कॅमेरा कुठे चिकटवायचा ते शोधत बसतो.

रिमोटच्या विमानाची गोम इथेच आहे. पंखाची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून एक किलोच्या विमानावर 440 ग्रॅमचा कॅमेरा लादला, की हवेत टिकायला लागणारा किमान वेग 20 टक्क्यांनी वाढतो. त्यात आपलं विदर्भाचं ऊन! 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 9 टक्के विरळ असते, म्हणजे आणखी वेग हवा. आणि शूटिंगला तर हळू जायचं असतं. म्हणूनच जाणती मंडळी फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं, मोठ्या पंखांचं विमान घ्यायची. पंखा मागे, म्हणजे तो चित्रात येत नाही. एवढं करूनही मोटर थरथरली की चित्र जेलीसारखं हलतं, आणि बागेत उतरवायला मोकळी पट्टी लागते ती वेगळीच. संत्र्याच्या दोन ओळींत उतरवून दाखवा :)

सिनेमावाल्यांना हे कळलं होतं. बेल्जियमच्या फ्लाइंग-कॅम कंपनीने 1988 पासून छोट्या रिमोट हेलिकॉप्टरवर कॅमेरा बसवला. पण हेलिकॉप्टर उडवणं म्हणजे वेगळीच तपश्चर्या. मग स्वस्त सेन्सर आले, लिथियम पॉलिमर बॅटऱ्या आल्या, आणि चार पंख्यांचं यंत्र स्वतःच स्वतःला सावरू लागलं. आपल्याकडे ते घराघरात पोचलं 'थ्री इडियट्स'मधून, 2009 च्या डिसेंबरात. त्यातलं उडतं यंत्र आयआयटी मुंबईच्या पोरांच्या आयडियाफोर्जने बनवलेलं. ज्या सिनेमात ते यंत्र खिडकीपाशी पोचतं तो प्रसंग आठवून आजही पोटात गोळा येतो. असो.

मग पंखवालं विमान बाद झालं का? अजिबात नाही. एका जागी थांबून बघायचं तर चौपंखी, पण मोठा प्रदेश मोजायचा तर पंखवालंच बरं, कारण तेवढ्याच बॅटरीत ते कितीतरी लांब जातं. मोजणीवरून आठवलं, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत गावठाणाची ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली. पुढे 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना आली, आणि त्याच वर्षी 11 ऑक्टोबरला पहिली मालमत्ता कार्डं वाटली, त्यात महाराष्ट्रातली 100 गावं होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराला कागद नव्हता, त्याला वरून काढलेल्या फोटोने कागद मिळाला.

कायद्याचं थोडक्यात : 2014 च्या ऑक्टोबरात नागरी वापरावर बंदी, 2018 च्या डिसेंबरात परवानगी, 2021 च्या ऑगस्टमध्ये नियम सुटसुटीत. तरी उडवण्याआधी डिजिटल स्कायचा नकाशा बघणं आलंच.

तर भाऊ, तुझ्या काही एकरांच्या बागेला चौपंखी पुरे. सकाळी ऊन चढायच्या आत उडव, आणि एकच झाड दर आठवड्याला त्याच उंचीवरून टिप. उरलेल्या पैशात बोर्डो मिश्रण आण.