हाका कुणाचा, शिकार कुणाची

माझा आजा शिकारीला जायचा. त्यानं जनावर कधी मारलं नाही. बंदूक त्याच्या हातात कधी आलीच नाही. तो हाक्याला जायचा.

आमचं गाव पेठ, तालुका आंबेगाव. पुणे-नाशिक रस्त्यावर गाव सोडलं की अवसरीचा घाट लागतो. आज्याच्या वेळी तिथं दाट रान होतं. साहेबाचा मुक्काम पडला की पाटलाचा निरोप राजवाड्यात यायचा. राजवाडा म्हणजे आमचा महारवाडा. नाव राजाचं, राहणारे येसकर. दहा-बारा माणसं पहाटे काठ्या आणि पत्र्याचे डबे घेऊन निघायची. रान तीन अंगांनी वेढायचं, ओरडत, डबे बडवत पुढं सरकायचं. चौथ्या अंगाला साहेब मचाणावर. डुक्कर बिथरलं आणि उलट फिरलं तर आधी आमच्या अंगावर. मजुरी नाही, कारण हे वतनाचं काम. डुक्कर पडलं की मांड्या वर, आतडी आमच्याकडं.

आजा म्हणायचा, "सायेब सांगायचा शिकार म्या केली. आरं, रानातनं उठवली कुनी?"

भीमा कोरेगावला १८१८ साली ज्यांच्या हातात बंदूक होती, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या हातात पत्र्याचा डबा आला. आजा हे हसत सांगायचा. मला ते हसू पुष्कळ उशिरा कळलं.

माणूस शिकार का करतो? उत्तरं दोन सांगतात. पोटासाठी आणि मौजेसाठी. दोन्ही खरी आहेत. पण दोस्तांनो, या दोघांना इतिहासानं एका वहीत लिहिलेलं नाही. मौजेसाठी मारणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं. पोटासाठी मारणाऱ्याचं नाव पोलीस ठाण्यात लिहिलं. आणि हाका घालणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

दगडाचंच आधी बघू. जुन्नरहून नाणेघाट उतरला की कोकण, आणि तिथून जुनी वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदराला. या वाटेवरच्या व्यापाराच्या काळातच लेण्याद्रीची, मानमोडीची बौद्ध लेणी कोरली गेली. त्या सोपाऱ्यात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. तो आठव्या लेखाचा. या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तिथं मृगया आणि तसल्याच मौजा चालत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू केल्या. पहिल्या लेखात तर तो आपल्या मुदपाकखान्याचा हिशेबच मांडतो. पूर्वी रोज लाखो प्राणी मरत. आता दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण रोज नाही. पुढं ही तीनही बंद.

यात मला महत्त्वाचं काय वाटतं? बंदीची सुरुवात त्यानं गरिबाच्या फाशापासून केली नाही. स्वतःच्या मौजेपासून केली, स्वतःच्या चुलीपासून केली. अशोकाची आरतीही ओवाळायला नको. तेराव्या लेखात त्यानं रानातल्या लोकांना, आपल्या हातात ताकद आहे, असा दमही भरलेला आहे. तरी स्वतःचा हिशेब आधी दगडावर टाकणारा राजा आपल्याला दुसरा सांगता येत नाही.

त्याच्यानंतरचे राजे आणि साहेब काय करत होते? १९११ साली इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत आला. दहा-अकरा दिवसांत त्याच्या मंडळींनी ३९ वाघ मारले. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगोसाठी भरतपूरला बदकांची शिकार झाली. एका दिवसात ४,२७३ पाखरं. हा आकडा तिथं दगडावर कोरलेला आहे. चार हजार पाखरं कुणाच्या पोटात मावतात? इथं भुकेचा संबंधच नाही. ही सत्तेची कवायत होती. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजानं रात्री तीन चित्ते टिपले, ते देशातले शेवटचे नोंदलेले चित्ते. १९५२ साली चित्ता संपल्याचं सरकारनं मान्य केलं आणि २०२२ साली नामिबियाहून विमानानं चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडले. या साऱ्यात गुन्हेगार जात म्हणून राजांची नोंद कुणी केली नाही.

ती नोंद झाली फासेपारध्याची. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली सगळ्या देशाला लागू करता येईल असा झाला. मूल जन्मलं की गुन्हेगार. हजेरी, दाखला, तारेचं कुंपण. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः शिकारीचे मोठे शौकीन होते, हरणांवर चित्ते सोडायचे. हे आपण लपवू नये. पण त्याच रानात त्यांना फासेपारधी भेटला, आणि त्यांनी त्याला घर दिलं, पहाऱ्याची नोकरी दिली. १९१८ साली त्यांनी हजेरीची पद्धतही बंद केली. इंग्रजांचा कायदा मात्र १९५२ च्या ३१ ऑगस्टपर्यंत चालला.

आता या 'गुन्हेगारा'ची शिकार कशी होती ते ऐका. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन भटक्या जमातींची शिकार तपासली. नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळींदर, घोरपड धरतात. वैदू सापळ्यात मुंगूस, रानमांजर धरतात आणि नदीतली कासवं काढतात. फासेपारधी फाशात काळवीट, तित्तर, लाव्हा धरतात. एकानं दुसऱ्याच्या जनावरात हात घालायचा नाही. पारध्याच्या फाशात गाभण हरिणी किंवा पाडस आलं तर सोडून द्यायचं. उद्या पुन्हा याच रानात पोट भरायचंय हे त्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती, त्यानं बदकं मोजली.

कायद्यानं रान कसं विभागलं तेही आपल्याच तालुक्यांतून बघता येतं. जुन्नरजवळ हिवऱ्याची सरकारी बाग सांभाळणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले जंगल कॉन्झर्वेटर झाले. पुढं १८७८ च्या जंगल कायद्यानं राखीव रानात नियम मोडून शिकार करणं, मासे धरणं, फासे लावणं हा गुन्हा ठरला. भीमाशंकरच्या डोंगरातला महादेव कोळी, ठाकर आपल्याच रानात चोर झाला. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, त्यातही सुरुवातीला मोठ्या शिकारीचे, छोट्या शिकारीचे परवाने होते. परवाना कुणाला परवडतो? ती दारं १९९१ साली बंद झाली. बंदी योग्यच आहे. काळवीट वाचलंच पाहिजे, आणि आज फाशात वाघ धरून कातडं व्यापाऱ्याला विकणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण मौजेची बंदूक थांबायला १९९१ उजाडलं आणि पोटाचा फासा शंभर वर्षं आधीच गुन्हा झाला, एवढं लक्षात ठेवा.

आता आपलं. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं आणि आमच्या माणसांनी ते सोडलं. त्या लाजेतून आम्ही उठलो. पण उठताना आम्ही कुणाच्या अंगावर पाय दिला का?

नामांतराचे दिवस होते. मी तरुण होतो, सभांना जायचो, बोलायचो. आमच्या वस्तीपलीकडं एका पारध्याचं पाल पडलं. एका घरची कोंबडी हरवली. आमची पोरं पालात शिरली. तिथं फासे आणि दोन तित्तर सापडले. तेवढं पुरलं. पाल मोडलं, भांडी ओढ्यात गेली. म्हातारी सारखी म्हणत होती, "बाबा, आमी पाखरू धरतो, कोंबडी न्हाई." मी हात लावला नाही. पण मी तिथं उभा होतो आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. दुसऱ्या दिवशी कोंबडी कडब्याच्या गंजीत अंड्यांवर बसलेली सापडली. पाल तोवर गेलं होतं.

त्या संध्याकाळी हाका आम्ही घातला होता. आणि मचाणावर साहेबसुद्धा नव्हता.

आज डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावर आमच्याकडं ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या केंद्रात ठेवतात. पण पहाटे काळोखात फडात आधी कोण शिरतं? ऊसतोडीवाला. लेकरू बांधावर झोपवून त्याची बाई. आज्याच्या वेळेसारखंच, जनावरापुढं आधी अंग त्यांचंच. बिबट्या मारायचा की वाचवायचा, यावर भांडणाऱ्यांत हे दोघं कुठं दिसतात?

तेव्हा एक काम करा. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हाक्याला कोण-कोण जायचं, जनावरानं कुणाला फाडलं, वाटा काय मिळाला. नावं लिहून आणा. आणि गावाबाहेर पाल पडलेलं असेल तर तिथंही जा, त्यांचीही नावं विचारा. ठाण्याच्या वहीत ती आहेतच. ती आपल्या वहीत आली पाहिजेत.