लिस्बनने बदललेला प्रश्न

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण असल्याने लिस्बनची चर्च भाविकांनी भरलेली होती. साडेनऊच्या सुमारास जमीन हादरली आणि छते माणसांवर कोसळली. जे नदीकाठी धावले त्यांना समुद्राच्या लाटांनी गाठले. उरलेले शहर आगीत सापडले आणि ती आग कित्येक दिवस धुमसत राहिली. गोव्याचा कारभार जिथून चाले, ती पोर्तुगालची ही राजधानी. मृतांच्या आकड्यावर अजून एकमत नाही, पण बहुतेक अंदाज दहा हजारांच्या पटीत आहेत. या भूकंपाने युरोपचा आशावाद गाडला, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. आपत्तीनंतर माणसाने कोणता प्रश्न विचारायचा, हेच लिस्बनने बदलून टाकले.

ईश्वराने निर्माण केलेले हे जग शक्य असलेल्या सर्व जगांत उत्तम आहे, असे तत्त्वज्ञ लाइबनित्सने १७१० साली मांडले होते. आशावाद म्हणतात तो हाच. व्होल्तेरने भूकंपाची बातमी येताच दीर्घ कविता लिहून असे मानणाऱ्यांना विचारले, की कोसळलेल्या भिंतींखाली चिरडलेल्या लेकरांचे पाप कोणते? १७५९च्या ‘कांदीद’ या कथेत त्याने आशावादी पंडिताला थेट लिस्बनलाच नेले. यावर कोणी म्हणेल, की असा संशय जुनाच होता. पिएर बेलने तो सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला होता, आणि १६९३च्या सिसिलीतील भूकंपातही हजारो माणसे मेली होती. आक्षेप बरोबर आहे. पण सिसिलीच्या वेळी लाइबनित्सचा ग्रंथ यायचा होता. १७५५ पर्यंत आशावाद सुशिक्षितांच्या अंगवळणी पडला होता. शिवाय लिस्बनमध्ये लंडन-हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांचा माल होता आणि वर्तमानपत्रांतून बातमी घरोघर पोचली. संशय आधीच होता, भूकंपाने तो टाळता येईनासा केला.

तरीही व्होल्तेरचा प्रश्न आकाशाकडेच पाहत होता. तो जमिनीवर आणला रूसोने. ऑगस्ट १७५६ मध्ये व्होल्तेरला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, की सहा-सात मजली हजारो घरे तिथे एकमेकांना खेटून उभी केली ती निसर्गाने नव्हे. कपडे, कागदपत्रे, पैसा घ्यायला माघारी फिरून किती दुर्दैवी जीव गेले, याचीही तो आठवण देतो. हे मृतांनाच दोष देणे झाले, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. रूसोने जबाबदारी मेलेल्यांच्या पापावरून काढली आणि शहर बांधणाऱ्यांच्या पदरात घातली. त्याच वर्षी कांटने भूकंपावर तीन निबंध लिहिले. जमिनीखालच्या पोकळ्यांचे त्याचे स्पष्टीकरण आज टिकत नाही, पण कारण भूगर्भात शोधायचे, ही दिशा टिकली. खुद्द पोर्तुगालमध्ये, पुढे मार्क्विस द पोंबाल झालेल्या मंत्र्याने गावोगावच्या धर्मगुरूंना प्रश्नावली पाठवली. धक्का किती वेळ टिकला, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, जमिनीला भेगा पडल्या का? उत्तरे देणारे धर्मगुरूच होते, पण त्यांना विचारले होते ते मोजमाप.

जुना प्रश्न संपला, असा दावा मात्र करता येत नाही. भूकंप हा पापाचा दंड आहे, असे लिस्बनमध्ये मालाग्रिदा या जेझुइटाने छापून सांगितले. १५ जानेवारी १९३४च्या बिहारच्या भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि तो विरोध गांधीजींनी स्वतःच ‘हरिजन’मध्ये छापला. दोघांनाही अस्पृश्यतेची चीड सारखीच होती. वाद होता तो निसर्गाच्या घटनेतून नैतिक निवाडा काढता येतो का, एवढाच. असा वाद उघडपणे घालता येतो, ही लिस्बननंतर रुजलेल्या विचाराची कमाई आहे.

आज लिस्बनमध्ये कार्मो मठाचे चर्च छताविना उभे आहे. तिथून खाली दिसणाऱ्या बायशा भागातल्या, भूकंपानंतर बांधलेल्या इमारतींच्या भिंतींत लाकडाची तिरपी-उभी चौकट आहे, धक्का सोसण्यासाठी बसवलेली. तिला पोर्तुगीजांनी ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, असे नाव दिले.